हातच्या ताकदीची बंदूक

बांबूचे पेर दोन्ही गाठींच्या आतून कापले की सरळ, पोकळ नळी हाती येते. बोटभर जाड आणि वीतभर लांब नळी खेळायला पुरते. तिच्यातून जेमतेम सरकेल अशी बांबूचीच काडी एका आखूड मुठीत ठोकली की दट्ट्या तयार होतो. ओल्या कागदाचा एक बोळा नळीच्या पुढच्या तोंडाशी नेऊन बसवायचा, दुसरा मागून ठासायचा आणि दट्ट्या झटक्यात रेटायचा. फट् असा आवाज होतो आणि पुढचा बोळा उडून जातो. बस्तरमध्ये या बंदुकीला तुपकी म्हणतात. आषाढात जगदलपूरला गोंचा उत्सव भरतो, जगन्नाथाचे रथ निघतात आणि लहानथोर मंडळी तुपकीने देवाला सलामी देतात. तिथे कागदाऐवजी मालकांगोणीची हिरवी फळे गोळ्या म्हणून चालतात. खेळणे, बाजारातली विक्रीची वस्तू आणि देवापुढचा मान अशी तिन्ही कामे ती एकाच वेळी करते.

या साध्या नळीत विचार बराच आहे. काडी पुढच्या बोळ्याला शिवतही नाही. त्याला ढकलते ती दोन बोळ्यांमध्ये कोंडलेली हवा. तापमान तेच असताना हवेचे आकारमान निम्मे झाले की दाब दुप्पट होतो, हा रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये मांडलेला नियम इथे मुलाच्या तळहाताला जाणवतो, कारण काडी जसजशी आत जाते तसतशी ती जड होते. पुढचा बोळा निसटला की दाबलेली हवा एकदम मोकळी होते, आवाज तिचाच. काडी नळीपेक्षा किंचित आखूड ठेवण्यातही कसब आहे. मूठ नळीला अडते, मागचा बोळा तोंडापाशीच थांबतो आणि पुढच्या बारासाठी तोच पुढचा बोळा ठरतो. ही युक्ती कुणी प्रथम काढली याची नोंद नसली, तरी तो माणूस आळशी आणि हुशार दोन्ही असणार.

पहिल्याच खेपेला ती नीट उडते असे सहसा होत नाही. बोळा सैल असला तर हवा कडेने गळते, फार घट्ट असला तर दट्ट्या वाकतो, कागद वाळला की आकसतो. हे दोष मुलाला स्वतः शोधता येतात, कारण यंत्राचा प्रत्येक भाग त्याच्या डोळ्यांसमोर असतो. दुकानातल्या प्लास्टिकच्या बंदुकीत स्प्रिंग बंद कवचात असते. ती बिघडली की खेळ संपतो. अरविंद गुप्ता यांनी पुण्यात आयुका या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंची असंख्य खेळणी करून दाखवली. त्यांच्या पद्धतीचे बळ इथेच दिसते: साहित्य फुकटचे असल्याने मोडण्याची भीती नसते, आणि भीती नसलेले मूल दुसऱ्यांदा करून बघते.

मुलांच्या हाती बंदूक कशाला, हा आक्षेप मात्र टाळता येत नाही. त्यात दोन वेगळे प्रश्न मिसळलेले असतात. खेळातल्या बंदुकीने मूल हिंसक होते का, हा पहिला. त्याचे उत्तर वस्तूपेक्षा खेळाच्या मांडणीत अधिक आहे; समोर रिकामे डबे रचले की स्पर्धा नेमाची होते, समोर धाकटा भाऊ उभा केला की ती दुसऱ्याच कशाची तरी होते. दुसरा प्रश्न इजेचा, आणि तो अधिक गंभीर आहे. एक ग्रॅमचा कागदी बोळा सेकंदाला १० मीटर वेगाने सुटला तर त्याच्यात ०.०५ ज्यूल ऊर्जा असते. बेचकीतून सेकंदाला ३० मीटरने सुटलेल्या २० ग्रॅमच्या खड्यात ९ ज्यूल, म्हणजे १८० पट. दोन्हींना ताकद मुलाच्याच हाताची. पण रबर ती सावकाश साठवते आणि क्षणात सोडते. शिवाय हलका बोळा हवेच्या विरोधाने लगेच मंदावतो, खडा तितका मंदावत नाही. म्हणून बेचकी लहान मुलांच्या यादीतून वगळलेली बरी, मग आजोबांच्या आठवणी कितीही रम्य असोत. बोळाही जवळून डोळ्याला लागला तर इजा करू शकतो.

घरी केलेले म्हणजे निरुपद्रवी, हा समज तर पारच खोटा आहे. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात कार्बाइड गन नावाच्या पाइपच्या बंदुकांनी अनेक मुलांचे डोळे गंभीर जखमी केले. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि ठिणगीने त्याचा स्फोट होतो. दिसायला तीही नळीच. पण तिच्यातली ऊर्जा हाताची नाही, रसायनाची आहे. ती किती हे मुलाला आधी जाणवत नाही. बार झाला नाही म्हणून आत डोकावावेसे वाटते आणि नेमका तेव्हाच घात होतो. तुपकी अडली तर आत फक्त ओला कागद असतो. घरी काय करू द्यावे याची रेषा इथे ओढता येते: जे उडते ते मुलाच्या हाताने दिलेल्या जोरावर उडावे, आणि उडणारी वस्तू मऊ व हलकी असावी.

या रेषेच्या आत करण्यासारखे पुष्कळ आहे. प्लास्टिकच्या बाटलीचा तळ कापून, कडेला चिकटपट्टी लावून तिथे अर्धा फुगा ताणून बसवला की कापसाचा गोळा तोंडातून छान उडतो. आइस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड यांची चमचा-तोफ पाच-सहा वर्षांच्या मुलालाही जमते. बांबू कापायचे काम मात्र मोठ्यांचे, कारण त्याची कड पात्यासारखी धारदार होते. कापल्यावर ती काचकागदाने घासून द्यावी. बोळे पेन्सिलीच्या जाडीचे झाले की धाकट्या भावंडांच्या तोंडात जाऊन घशात अडकू शकतात, तेव्हा ती आसपास असतील तर खेळ संपल्यावर जमिनीवरचे बोळे मुलांकडूनच वेचून घ्यावेत.