गच्चीचा कठडा

जुन्या करारातील अनुवादाच्या पुस्तकात घर बांधणाऱ्यासाठी एक छोटासा नियम आहे (अध्याय २२, वचन ८). नवे घर बांधले की गच्चीभोवती कठडा घालावा. तो नसल्यामुळे कोणी पडून दगावला तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घराला लागेल, असा त्याचा आशय. मोठमोठ्या आज्ञांच्या गर्दीत हा नियम सहसा आपल्या नजरेतून निसटतो. पण घरातल्या वयस्कर माणसांचा विचार करताना तो फार उपयोगी पडतो.

त्यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, घरमालकाने कोणाला ढकललेले नाही. त्याने काहीच केलेले नाही आणि तोच त्याचा दोष आहे. दुसरी, गच्चीवर जाऊ नका असे हा नियम सांगत नाही. त्या देशात घरांची छपरे सपाट असत. लोक तेथे वाळवण घालीत. संत पेत्र प्रार्थनेसाठी गच्चीवर गेल्याचे प्रेषितांच्या कृत्यांत आपण वाचतो. गच्चीला कुलूपच लावायचे असते तर कठड्याची गरज नव्हती. माणसाला निर्धास्तपणे वर जाता यावे म्हणून कठडा असतो.

मग प्रश्न असा की, आईवडिलांचा मान राखण्याची जी आज्ञा आपल्याला आहे, तिच्यात त्यांना पडण्यापासून जपणे येते काय? आणि येत असेल तर कुठवर?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मधील अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे प्राण गमावतात. त्यांत साठीपुढच्यांची संख्या सर्वांत मोठी आहे. आपल्या वाकोल्यात आजी-आजोबांनी पडायला डोंगर-कडे लागत नाहीत. मोरीतली ओली फरशी, उंबरठा, माळ्यावर जाणारा उभा लाकडी जिना, दारातले सरकते पायपुसणे, पायात अडकणारा गाऊनचा घेर एवढे पुरते. रात्री लघवीला जाण्यासाठी अंथरुणातून एकदम उठले की काहींचा रक्तदाब खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. झोपेच्या गोळीने तोल जातो, मोतीबिंदूमुळे पायरी दिसत नाही, जुन्या मधुमेहाने तळपायांना जमीन नीट कळत नाही. हाडे ठिसूळ झालेली असतात. खुब्याचे हाड मोडले आणि माणूस अंथरुणाला खिळला की पाठीला जखमा, न्यूमोनिया असे एकामागून एक सुरू होते.

पडणे ही लाज वाटण्यासारखी गोष्ट नाही. पोप जॉन पॉल दुसरे २८ एप्रिल १९९४ रोजी स्नानगृहात घसरले आणि त्यांच्या उजव्या मांडीचे हाड मोडले. पोप बेनेडिक्ट सोळावे जुलै २००९ मध्ये सुट्टीवर असताना रात्री आपल्या खोलीत पडले, मनगट मोडले. पोप फ्रान्सिस जानेवारी २०२५ मध्ये राहत्या घरीच पडले व त्यांच्या हाताला दुखापत झाली. सेवेला माणसे असलेल्यांची ही गत, तर दुपारभर घरी एकट्या असणाऱ्या आपल्या आईची काय कथा!

कोणी पडले की आपण चटकन म्हणतो, 'देवाची इच्छा' किंवा 'वयच झाले आता'. पण ज्या नियमाने आपण सुरुवात केली, तो हे मान्य करीत नाही. जे टाळता येत होते आणि आपण टाळले नाही, ते देवाच्या नावावर टाकता येत नाही. आणि पडणे बऱ्याच अंशी टाळता येते. अनेक देशांतील चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात असे दिसले की, तोल व पायांची ताकद वाढवणाऱ्या व्यायामाने साठीपुढच्या माणसांचे पडणे जवळजवळ पावपटीने कमी होते. घरातले धोके काढून टाकल्यानेही साधारण तेवढाच फरक पडतो, असे त्याच संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात आहे.

येथवर बहुतेकांना पटेल. खरी अडचण पुढे आहे. भीतीपोटी आपण कठड्याऐवजी कुलूप लावू लागतो. 'आई, तू उठू नकोस, मी देते.' 'पप्पा, खाली उतरू नका.' 'चर्चला कशाला? टीव्हीवर मिस्सा बघ ना.' यात प्रेम असते, हे खरे. पण सहा महिने खुर्चीत बसवून ठेवलेल्या माणसाचे पाय लुळे पडतात, तोल जातो, आणि एके दिवशी तो उठतो तेव्हा हमखास पडतो. ज्याची भीती होती तेच आपण ओढवून घेतो. त्याखेरीज भाजी निवडून आणणे, शेजारणीशी चार शब्द बोलणे, रविवारी आपल्या नेहमीच्या बाकावर बसणे हेही त्या माणसाकडून काढून घेतो. जपलेले शरीर आणि हिरावलेले आयुष्य, याला मान राखणे म्हणता येणार नाही.

म्हातारपणी हात पसरशील आणि नको तेथे दुसराच कोणी तुला नेईल, असे पुनरुत्थित प्रभूने पेत्राला सांगितले (योहान, अध्याय २१). ते त्याच्या रक्तसाक्ष्याविषयी होते. तरी परावलंबी झालेल्या प्रत्येक वृद्धाला त्यातले दुःख ओळखीचे वाटेल. ते दुःख आपण वाढवू नये.

मग निर्णय कोणाचा? ज्याचे भान शाबूत आहे, त्या माणसाने कुठे जायचे हे त्यानेच ठरवावे. त्याची वाट सुरक्षित करणे हे आपले काम. ज्यांना विस्मरणाचा आजार आहे त्यांच्यावर अधिक लक्ष हवे. पण त्यांनाही हात धरून रोज चालवायला हवे. एवढे करूनही एखादे वेळी पडणे होईल. तेव्हा 'तुला सांगितले होते ना' हे शब्द तोंडातून निघू नयेत.

वडीलधाऱ्यांनाही एक विनंती. तोल गेला, पाय घसरला तर ते लपवू नका. मुलांना त्रास नको म्हणून आपण गप्प बसता आणि पुढच्या वेळी अधिक मोठा त्रास होतो. काठीची लाज बाळगू नका. जॉन पॉल दुसऱ्यांच्या हाती काठी आली, तरी पुढच्याच जानेवारीत ते मनिलाला तरुणांच्या मेळाव्याला गेले आणि नोव्हेंबर १९९९ मध्ये आपल्या दिल्लीलाही येऊन गेले. डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या, आणि कोणत्या गोळीने चक्कर येते ते विचारा.

हा कठडा घालायला फार पैसे लागत नाहीत. रात्री जळणारा एक छोटा दिवा, मोरीत रबरी चटई, घट्ट बसणाऱ्या चपला, उंबरठ्यावर रंगाचा ठळक पट्टा, आणि भिंतीत पक्का बसवलेला आधाराचा दांडा. टॉवेल टांगायचा दांडा माणसाचे वजन पेलत नाही.

आज घरी गेल्यावर आजीबरोबर पलंगापासून मोरीपर्यंत एकदा सावकाश चालून पाहा. काही सुचवू नका, नुसते बघा. जेथे ती भिंतीला हात टेकते, तेथेच तो दांडा हवा.