वल्लींसाठी राखीव भूखंड

सिडकोने नवीन पनवेल वसवताना सेक्टर आखले, रस्ते आखले. वल्लींसाठी भूखंड काही राखून ठेवला नव्हता, तरी त्या आल्याच.

आमच्या इमारतीखाली एक आजोबा बसायचे. रुळांपलीकडे जुन्या पनवेलला निघालेल्या प्रत्येकाला थांबवून स्वतःच्या घड्याळाप्रमाणे वेळ लावायला सांगायचे. ते घड्याळ चांगलं दहा मिनिटं पुढे. चूक अर्थात बाकीच्या पनवेलची! पण त्यांचं ऐकणाऱ्याची लोकल कधी चुकली नाही. वरच्या मजल्यावरच्या काकू गच्चीत पडलेले पतंग जप्त करायच्या आणि संक्रांत उलटली की खळ लावून, नीट चिकटवून सगळे परत वाटायच्या. तेव्हा ते उडवणार कोण?

पु. ल. देशपांड्यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातले हरितात्या शिवकाळ जणू कालच पाहून आल्यासारखा सांगतात. पोरांना ऐकायला वेळ होता, आणि हरितात्यांना कुणी ‘आटपा’ म्हणत नव्हतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

हल्ली अशा माणसाची सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तक्रार होते. मात्र रात्री दोन वाजता, नियमाच्या क्रमांकासकट ती तक्रार टाकणारे सभासद? पु. लं.ना तेही चालले असते.