खुंट कुणाचा, फूल कुणाचे?

धारला आमच्या अंगणात पावसाळ्यात गावठी गुलाबाचे फाटे लावतात. पेन्सिलीएवढे जाड, वीतभर लांब. मातीत जाणाऱ्या भागावरचे डोळे आधीच काढून टाकायचे, म्हणजे पुढे तिथून फुटवे येत नाहीत. थंडीपर्यंत खुंट तयार होतो. मग त्याच्या सालीवर टी अक्षरासारखी चीर द्यायची, हव्या त्या जातीचा डोळा तीत बसवायचा आणि तो उघडा ठेवून पट्टीने बांधायचे. तीन-चार आठवड्यांनी डोळा फुटू लागला, की खुंटाचा शेंडा छाटायचा. पुढे फुलाला डोळ्याच्या जातीचे नाव मिळते. खुंटाचे नाव कुणी विचारत नाही.

हे न्यायाचे आहे का? आपल्यासारख्यांना हा प्रश्न घरचाच आहे. १७२८ मध्ये अमझेऱ्याची लढाई जिंकल्यावर मराठ्यांचा माळव्यात जम बसला, पवारांच्या गाद्या धारला आणि देवासला झाल्या. त्यांच्यामागून आलेली घराणी म्हणजे बाहेरून आणलेले डोळेच. अन्न, पाणी, शेजार पुरवला तो माळव्याने. तरी 'आमचे संस्कार' म्हणताना आपण फक्त फूल मोजतो.

गेल्या थंडीत नातू माझ्याशी हिंदीत बोलला आणि मी त्याच्यावर खेकसलो. फुटवा वेळीच खुडावा, असे मनात आले. मग आठवले कुमार गंधर्व. सुळेभावीचे, घरची भाषा कानडी. १९४८ मध्ये आजारपणात ते देवासला आले. तिथे कानी पडलेली लोकगीते त्यांनी मैफलीत आणली, ती माळव्याची म्हणूनच. त्यांनी खुंटाचे नाव सांगितले.

नातवाची हिंदी हा फुटवा नव्हे, ते मूळ आहे. मुळावर रागावून कलम जगत नाही. पण माळ्याला दुसरेही ठाऊक असते. खुंट जोमाचा, त्याला फारसे जपावे लागत नाही. जपावे लागते ते डोळ्याला. हेळसांड झाली तर डोळा मरतो आणि गावठी झाड तेवढे उरते. तो दोष खुंटाचा नसतो. घरात मराठी उरली नाही, तर हिशेब आपण द्यायचा, शेजाऱ्यांनी नव्हे.

दुसऱ्या दिवशी नातवाला डोळा भरायला शिकवले. मी मराठीत सांगत होतो, तो हिंदीत विचारत होता. खुंट कोणता आणि डोळा कोणता, हे मात्र मी त्याला आधी सांगितले.