देणेकरी की आरोपी?

दिवाणीचे न्यायाधीश वेगळे आणि फौजदारीचे वेगळे असा समज असेल, तर दारव्हा किंवा वणीच्या तालुका न्यायालयातली पाटी वाचावी: 'दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी'. माणूस एकच. धुऱ्याच्या भांडणात मनाईहुकूम देणारे साहेब त्याच खुर्चीत बसून चोरीच्या खटल्यातली साक्ष नोंदवतात. यवतमाळला जिल्हा न्यायाधीश हेच सत्र न्यायाधीश असतात, आणि दोन्ही वाटा पुढे नागपूर खंडपीठाकडेच जातात. बदलतो तो कागद. एकावर वादी विरुद्ध प्रतिवादी, दुसऱ्यावर महाराष्ट्र शासन विरुद्ध आरोपी. दिवाणीत ज्याची बाजू अधिक संभवनीय, त्याच्या बाजूने निकाल लागतो. फौजदारीत वाजवी शंका उरली तरी आरोपी सुटतो, कारण तिथे माणसाचं स्वातंत्र्य पणाला लागलेलं असतं.

पुस्तकातली ही रेघ कर्जाने मात्र कधी धड पाळलेली नाही.

इंग्रजी अमदानीत दिवाणी हुकूमनाम्याची रक्कम फेडली नाही म्हणून देणेकऱ्याला कैद होऊ शकत असे, आणि कैदेतल्या त्याच्या जेवणाचा खर्च सावकाराने भरायचा असे. गुन्हा नाही, पण तुरुंग आहे! १८७५ साली पुणे आणि नगरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली, तेव्हा सरकार हललं. १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याची अटक थांबवली आणि खताच्या मागचा खरा व्यवहार तपासायची मुभा न्यायाधीशाला दिली. पण तो मुंबई इलाख्याचा कायदा. १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली असलं तरी वऱ्हाड त्या इलाख्यात नव्हतं. इथल्या कापसाच्या शेतकऱ्याला त्याचा उपयोग नव्हता.

पुढे १९३६च्या दुरुस्तीने, ऐपत असून पैसे दडवणाऱ्यालाच साधारणपणे दिवाणी कैद व्हावी, असं ठरलं. १९८० मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सांगितलं, की निव्वळ गरिबीमुळे फेडू न शकणाऱ्याला तुरुंगात टाकणं राज्यघटनेच्या २१ व्या कलमात बसत नाही. नादारी म्हणजे लबाडी नव्हे, एवढं मान्य व्हायला शंभर वर्षं लागली.

आणि मग कायदा उलटा फिरला. १९८८च्या दुरुस्तीने न वटलेला धनादेश हा गुन्हा झाला. आज त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. कर्ज देताना कोरे धनादेश सही करून ठेवून घ्यायची पद्धत कोणाला माहीत नाही? इथे गृहीतकही आरोपीच्या विरुद्ध: धनादेश देण्यापोटीच दिला होता असं न्यायालय धरून चालतं, तसं नव्हतं हे त्याने दाखवायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अशा खटल्याला फौजदारी लांडग्याच्या कातड्यातली दिवाणी मेंढी म्हटलं. मेंढी असेल, पण वॉरंट घेऊन पोलीस दारात येतो तेव्हा घरच्यांना लांडगाच दिसतो.

सावकाराच्या बाबतीत गाडी नेमकी विरुद्ध दिशेने जाते. पैसे हवे असलेल्या शेतकऱ्याला तो दुय्यम निबंधकाकडे नेतो आणि गहाणखताऐवजी खरेदीखतच करून घेतो. तोंडी सांगणं एवढंच, "पैसे आणून देजो, वावर परत करून घेजो." पुढे शेतकरी पैसे घेऊन गेला की सावकार कानावर हात ठेवतो. पोलीस ठाण्यात ठरलेलं उत्तर मिळतं: हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा. कोर्टात लेखी दस्तापुढे तोंडी बोली सहसा टिकत नाही. परतीची अट वेगळ्या इसारचिठ्ठीवर लिहून घेतलेली असली, तरी १९२९च्या दुरुस्तीपासून तो व्यवहार सशर्त विक्रीचं गहाण ठरत नाही. अट त्याच दस्तात हवी. दोन्ही बाजूंच्या हातात कागदच, पण देणेकऱ्याचा कागद फौजदारीत जातो आणि सावकाराचा दिवाणीत अडकतो, ही तफावत मला योगायोगाची वाटत नाही. कागद करून घेणारा कोण, यावर ती ठरते.

२०१४च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायद्याने ती थोडी भरून काढली. विनापरवाना सावकारी हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा झाला. शिवाय कलम १८ नुसार सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक चौकशी करून, सावकारीच्या व्यवहारात गेलेली जमीन परत देऊ शकतात, मागच्या पंधरा वर्षांतली असली तरी. हे अधिकारी न्यायाधीश नव्हेत, पण खरेदीखताच्या मागे काय होतं ते बघायचं काम त्यांचंच आहे. त्याच माणसाच्या नावे आणखी किती जणांची खरेदीखतं झाली, बाजारभावाच्या मानाने किंमत किती लावली, विक्रीनंतरही वावरात पेरणी कोण करतं, असे प्रश्न इथे निर्णायक ठरू शकतात.

उपनिबंधकांनी खत रद्द केलं, तरी फौजदारी खटला वेगळा चालतो. तेच साक्षीदार पुन्हा उभे राहतात, आणि तिथे तोच व्यवहार वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करावा लागतो. त्यामुळे वावर शेतकऱ्याला परत मिळणं आणि सावकार निर्दोष सुटणं, दोन्ही एकाच खतावरून होऊ शकतं.