पाण्याचं रेशनिंग

ट्रायलला माझी मुलगी बारावी आली. घ्यायचे होते चौदा, म्हणजे निवड झाली. पंधरावा आलेला मुलगा ठोकळ्यावरून उभाच्या उभा पाण्यात पडला, वर आला, चेहऱ्यावरचं पाणी पुसलं आणि मग हात मारायला लागला. तोवर त्याच्या हीटमधली मुलं चार-पाच मीटर पुढे निघून गेली होती. तरी पन्नास मीटर संपताना तो चौदाव्या मुलापेक्षा जेमतेम अर्धा सेकंद मागे राहिला. सरांनी वहीत आकडा टिपला आणि पुढची हीट बोलावली.

माझी मुलगी मात्र हात कानांना चिकटवून, डोकं आत घेऊन व्यवस्थित सूर मारून पाण्यात गेली होती. जाणारच. आधीचा महिनाभर पर्सनल कोचिंगचे पैसे भरून आम्ही तिच्याकडून तेवढंच घोटून घेतलं होतं. तो मुलगा गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेला. त्याला मुटका येत होता, सूर येत नव्हता. म्हणजे त्या सकाळी स्टॉपवॉचने दोन मुलांचा वेग मोजला, आणि त्याबरोबर आमच्या घरचे पैसेही मोजले. मुलीचं नाव यादीत बघून मला आनंद झाला, हेही खरंच. तो आनंद अजून पुरता गेलेला नाही, म्हणून तर हे लिहितो आहे.

स्पर्धेच्या बॅचमध्ये मूल घालायचं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळत नाही. सकाळी साडेपाचला पाण्यात उतरायचं, म्हणजे घरात पावणेपाचचा गजर. आठवड्यातून सहा दिवस. न्यायला-आणायला गाडी असलेलं कुणीतरी हवं, आणि त्या माणसाची रात्रपाळी नको. परत आल्यावर गरम खायला घालायला घरात आजी हवी, नाहीतर आईची नोकरी तरी उशिरा सुरू होणारी हवी. शाळेने पहिल्या तासाला उशीर चालवून घ्यायला हवा. मूल एकच असेल तर बरं, कारण दुसऱ्याला झोपेतून उठवून काठावर बसवावं लागतं. आमच्याकडे तेही झालं. हे सगळं जमवल्यावर मुलाच्या अंगात काय आहे, हा प्रश्न येतो. निवड घराची आधी होते, मुलाची नंतर.

यात प्रशिक्षकांना दोष देणं सोपं आहे आणि चुकीचंही. त्यांच्या बाजूने हिशेब करून पाहा. तलावात आठ लेन. एका लेनमध्ये उजव्या बाजूने जात, डाव्या बाजूने येत सहा मुलं नीट पोहू शकतात; सात झाली की पुढच्याच्या पायाला मागच्याचा हात लागतो आणि किक विस्कटते. म्हणजे अठ्ठेचाळीस मुलं. त्यात आधीची राज्य स्तरावर खेळणारी मुलं आहेत, ती काही हलणार नाहीत. सात वाजता नागरिकांची पाऊण तासाची बॅच सुरू होते. त्या काकांनीही पास काढलेला असतो आणि ते वेळेआधीच दोरीशी येऊन उभे असतात. एवढ्यात उरल्या चौदा जागा. पंधरावा मुलगा कमी पडला नाही, पाणी कमी पडलं. आपण ज्याला गुणवत्तेची निवड म्हणतो ते मुळात पाण्याचं रेशनिंग आहे, आणि रेशनच्या रांगेत पहाटे आधी कोण येतं हे आपल्याला ठाऊक आहे.

पुण्याचंच घ्या. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीला क्रीडासंकुल उभं राहिलं, 2008 मध्ये तिथेच राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. पन्नास मीटरचा उत्तम तलाव आहे. पण हडपसरच्या मुलाला तो शहराच्या दुसऱ्या टोकाला. पंचवीस मीटरच्या तलावात शिकलेलं मूल मोठ्या तलावात नेलं की त्याचं टायमिंग पडतं. मध्ये भिंत नाही, भिंतीला पाय लावून मिळणारा रेटा नाही. पालकांना वाटतं मूल घाबरलं. करोनाच्या काळात मुंबईतले तलाव बंद होते म्हणून आर. माधवनचा मुलगा वेदांत सरावासाठी दुबईला गेला. ज्याला जाता आलं तो गेला.

आता वयाचं. आपल्याकडे वयोगट जन्मवर्षावर ठरतात. जानेवारीतलं आणि डिसेंबरमधलं मूल एकाच गटात. मोठ्या माणसांत अकरा महिने म्हणजे काही नाही. नऊ वर्षांच्या मुलात ते आयुष्याचा दहावा हिस्सा होतात. उंची, हातांचा पल्ला, पंजाचा आकार, सगळ्यात तो दिसतो. मग जानेवारीचं मूल निवडलं जातं, त्याला पाणी मिळतं, सर मिळतात, सराव मिळतो; दोन वर्षांनी ते खरोखरच पुढे असतं आणि आपण म्हणतो, बघा, निवड बरोबर होती. पुढे अकरा ते पंधराच्या दरम्यान कुणाचं शरीर कधी वाढेल याला काही धरबंध नसतो. दहाव्या वर्षी पदकं आणणारी मुलगी चौदाव्या वर्षी आहे तिथेच थांबते आणि मागून आलेली लांब हातांची कुणी तिला सहज मागे टाकते. काठावर चार वर्षं काढलेल्या कुठल्याही पालकाला विचारा.

‘पण पोहणं लहानपणीच शिकावं लागतं,’ असं सर सांगतात आणि ते खरं आहे. पाणी हाताला लागणं, हात कुठे धरला की अंग पुढे सरकतं हे आतून कळणं, ते उशिरा शिकणाऱ्याला जड जातं. मायकल फेल्प्स पंधराव्या वर्षी सिडनीच्या ऑलिम्पिकमध्ये पाचवा आला होता. आपली बंगळुरूची धिनिधी देसिंघू 2024 ला पॅरिसला गेली तेव्हा चौदा वर्षांची होती. पण याच धिनिधीला अगदी लहान असताना पाण्यात उतरायचंच नव्हतं. त्या वयात कुणी तिची ट्रायल घेतली असती तर? लवकर पाण्यात आणा, हा युक्तिवाद मला मान्य आहे. त्यातून लवकर बाहेर काढा असं निघत नाही, आणि नेमकं तेच आपण करतो आहोत.

उशिरा आलेल्यांचं काय होतं याचं उदाहरण महाराष्ट्राने जगाला दाखवलं आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरकडचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले, आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक घेऊन आले. भारताचं ते पहिलं वैयक्तिक सुवर्ण. नऊ वर्षांच्या मुलांच्या कुठल्या यादीत ते बसले असते?

कोल्हापूरच्या वीरधवल खाडेची गोष्ट उलटी आहे. तो कोवळ्या वयातच चमकला, बीजिंग ऑलिम्पिकला गेला आणि 2010 मध्ये ग्वांगझूला पन्नास मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवलं. 1986 मधल्या खजान सिंगच्या रौप्यपदकानंतर आशियाई स्पर्धेत भारतीय जलतरणाला मिळालेलं ते पहिलंच पदक. पुढे तो तहसीलदार झाला. नोकरी सांभाळून 2018 मध्ये जकार्त्याला परत उतरला आणि पन्नास मीटर फ्रीस्टाइलमध्ये कांस्य सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं. तेव्हा तो जवळजवळ सत्तावीस वर्षांचा होता. पोहण्याचं आयुष्य इतकं लांब असू शकतं आणि आपण त्याची दारं दहाव्या वर्षी लावून घेतो.

आपण पालक हे का चालवून घेतो? खेळाचं प्रेम असतं, नाही असं नाही. पण दहावी-बारावीचे सवलतीचे गुण, सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, हे हिशेबही काठावरच्या बाकावर उघड चालतात. ते करणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. मात्र प्रमाणपत्रासाठी आलेल्या पालकाला रांग लहान असलेलीच बरी वाटते. मलाही वाटली होती.

मागणी फार मोठी नाही. महापालिकांच्या तलावांत सकाळच्या दोन लेन निवड न झालेल्या मुलांसाठी ठेवता येतील. ट्रायल वर्षातून एकदा न घेता दर चार महिन्यांनी घेता येईल, आणि पहिल्या वेळी ठोकळ्यावरून सूर मारायला न लावता सगळ्यांना पाण्यातूनच सोडता येईल. बारा-तेरा वर्षांपर्यंत कुणाचंही नाव कायमचं खोडू नये. याला नवा तलाव लागत नाही, सातच्या बॅचमधल्या काकांनी अर्धा तास उशिरा यावं लागतं.

आमच्या सरांना मी नंतर त्या पंधराव्या मुलाबद्दल विचारलं. ते म्हणाले, ‘हात चांगला होता त्याचा. फोन नंबर घ्यायचा राहिला.’ तुमच्या मुलाचं नाव यादीत लागेल तेव्हा पेढे जरूर वाटा. पण त्याच दिवशी काठावर उभं राहून सरांना एवढं विचारा, की यादीखालच्या पहिल्या मुलाला परत कधी बोलावलं आहे, आणि त्याचा नंबर वहीत आहे का.