ओला दुष्काळ आणि कालचक्र

1938 साली पूर्व खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव भागात, अतिवृष्टीने पिकं गेली. त्याच वर्षी साने गुरुजींनी अमळनेरला ‘काँग्रेस’ साप्ताहिक सुरू केलं. ओला दुष्काळ, माफी, कलेक्टर कचेरीवर मोर्चा, हे तेव्हाचे शब्द आजही जळगावच्या पेपरात पावसाळ्याअखेर छापून येतात. कपाशीची बोंडं झाडावरच काळी पडतात, केळी आडवी होते, पंचनाम्याला तलाठी कधी येणार म्हणून घरं वाट बघतात. पिवळा पडलेला जुना अंक चाळणारा सहज म्हणून जातो, चक्रच आहे, फिरतच राहणार.

खरंच काळ फिरून तिथेच येतो का?

हे विचारायला अमळनेरच योग्य. प्रताप शेठजींनी 1916 साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभारलं. तत्त्वज्ञानाच्या ओढीने गुरुजीही तिथे आले. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते उतरवून घेत. 21 फेब्रुवारी ते 19 जून, अठरा प्रवचनं. युगं येतात, जातात, पुन्हा येतात, ही शिकवण त्यांना परकी नव्हती. तरी ओल्या दुष्काळात काळाचा फेरा म्हणून ते घरी बसले नाहीत. सभा घेतल्या, मिरवणुका काढल्या, कचेरीवर मोर्चे नेले. पाऊस आभाळातला होता, शेतसारा मात्र सरकारचा.

चक्राच्या कल्पनेत दिलासा आहे, म्हणूनच ती जपून वापरावी. साथींचंच बघा. प्लेगच्या धास्तीने 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोग कायदा झाला. पाचच दिवसांनी ‘दीनबंधू’कार नारायण मेघाजी लोखंडे प्लेगने गेले, 10 मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. मार्च 2020 मध्ये करोनासाठी तोच कायदा पुन्हा लागू झाला. अंगावर काटा यावा असंच हे साम्य. पण काळाने तो कायदा परत आणला नाही. 123 वर्षं माणसांनीच तो चालू ठेवला होता.

अस्सल कागदाशिवाय इतिहास लिहू नये, हा वि. का. राजवाड्यांचा आग्रह. 1926 च्या अखेरीस ते धुळ्यात वारले; त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे आजही आहे. त्या शिस्तीने ओल्या दुष्काळाच्या 1938 च्या आणि आजच्या बातम्या शेजारी ठेवल्या, तर फरक ठळक दिसतो. तेव्हाचा शेतकरी म्हणत होता, यंदा सारा घेऊ नका. आजचा म्हणतो, बँकेचं कर्ज माफ करा, विम्याचे पैसे द्या.