लगाम धरणारा हात

32 व्या स्तोत्राच्या 9 व्या वचनांतील घोडा व त्याचा लगाम आपणां सर्वांस ठाऊक आहेत. परंतु लगाम धरणाऱ्या हाताविषयीं आपण फारसा विचार करीत नाहीं.

‘ड्रेसाज’ नांवाची घोडेस्वारीची एक परीक्षा असते. तींत शर्यत नाहीं, उडी नाहीं. 60 मीटर लांब व 20 मीटर रुंद अशा आंखलेल्या जागेंत घोड्यानें चाल, दुडकी व संथ धांव दाखवावयाची. परीक्षक प्रत्येकास 0 पासून 10 पर्यंत गुण देतात. स्वारानें तोंडानें शब्द काढला तरी गुण जातात.

कोलकात्याचा अनुष अगरवाला सतराव्या वर्षीं घर सोडून ही विद्या शिकण्यास जर्मनीस गेला. पदकें मिळालीं तीं 2023 सालीं, हांगचौच्या आशियाई स्पर्धेंत, एट्रो नांवाच्या घोड्यावर: सोबत्यांसह सुवर्ण, एकट्यास कांस्य.

कोंवळ्या घोड्याचें काम सर्वांत कठीण. घोडा पांच वर्षांचा, स्वार पंधरा-सोळांचा, दोघेही बुजरे. स्वाराचें मन दचकलें कीं हात आंखडतो, लोखंड जनावराच्या तोंडांत रुततें, तें मान ताठ करतें, आणि स्वार दोष देतो त्यासच! मंडळींत नवीन आलेल्या मनुष्यास शिकवितांना आम्हां शिक्षकांचेंही पुष्कळदां असेंच होतें. रागाच्या भरांत घोड्यास हात लावूं नये, असें ग्रीक सेनानी झेनोफन यानें सुमारें 2400 वर्षांपूर्वीं लिहून ठेविलें. तो तर ख्रिस्ती नव्हता.

परीक्षा संपली म्हणजे स्वार परीक्षकांस वंदन करून लगाम सैल सोडतो, व घोडा मान लांब करून सावकाश बाहेर जातो.